सात रायफली, एक काच

ऑर्विल स्टॅनगार्डच्या घरात रायफली सात होत्या आणि त्यांवर बसवायची दुर्बीण एक. पन्नास वर्षं म्हाताऱ्याचा हाच धर्म होता. "सात भिकार चष्म्यांपेक्षा एक खरा डोळा बरा," असं तो म्हणायचा आणि समोरचा गप्प होईपर्यंत म्हणत राहायचा. आमच्या खोऱ्यात दुर्बिणीला कुणी दुर्बीण म्हणत नाही, काच म्हणतात. आणि नुसतं 'काच' म्हटलं की ती ऑर्विलचीच, हे मोंटानाच्या या कोपऱ्यात शेंबड्या पोरालाही कळायचं. गुरांच्या खाद्याच्या दुकानात सकाळी कॉफीला जमणारे त्याचे दोस्त त्याला छळायचे. "काय ऑर्विल, तुझ्या बंदुका रांगेत उभ्या राहतात का रे? की चिठ्ठ्या टाकतात?"

घरच्यांत त्याचा एकच विरोधक, मुलगी मार्लिसचा नवरा ग्रेडी. ग्रेडीचं म्हणणं, भांडं तिथे झाकण. काच एका बंदुकीवरून काढून दुसरीवर चढवली की नेम केसभर का होईना सरकतोच, तेव्हा प्रत्येकीला तिची तिची काच हवी. सव्वीस वर्षांपूर्वी लग्नानंतरच्या पहिल्याच जेवणाला त्याने हे सासऱ्याला ऐकवलं आणि मार्लिसच्या आईने, लोइसने, घाईघाईने बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं होतं. पुढे ग्रेडीनेही मान तुकवली. ऑर्विलच्या अंगणात राहायचं तर ऑर्विलच्या काचेतून बघायचं.

पण सामाईक वस्तूची जी शिस्त लागते, ती मात्र म्हाताऱ्याने चोख लावली होती. काच लोइसने विणलेल्या लोकरीच्या मोज्यात राहायची. मोज्यातच एक कागदाची गुंडाळी. कुठल्या बंदुकीला वर किती खटके, डावीकडे किती खटके फिरवायचे ते त्यावर लिहिलेलं. ज्याने काच नेली त्याने तारीख टाकून सही करायची. आणि डोळ्याकडच्या कडीवर नेलपॉलिशचे चार ठिपके. ऑर्विलचा लाल, लोइसचा पांढरा, मार्लिसचा निळा, ग्रेडीचा हिरवा. ज्याची पाळी त्याने कडी आपल्या ठिपक्यावर आणायची, की आतली नेमाची फुली त्याच्या डोळ्याला लख्ख दिसायची. चारी ठिपके बोटाच्या पेरात मावत. माणसांचे डोळे एकमेकांपासून फार लांब नसतात, असं लोइस म्हणायची. तिला जाऊन सहा वर्षं झाली, पण पांढरा ठिपका कुणी खरवडला नव्हता.

असा हा माणूस, आणि गेल्या डिसेंबरात त्याने धर्म बदलला.

एका सोमवारी टपालाच्या गाडीतून खोकं आलं. त्यात नवी दुर्बीण. तीन आठवड्यांनी दुसरी. वसंतापर्यंत सहा झाल्या आणि सहा बंदुकांवर चढल्या. सातवी बंदूक, ऑर्विलची स्वतःची, उघडीच राहिली. जुनी काच मोज्यात घालून त्याने कपाटाच्या वरच्या फळीवर ढकलली. "प्रत्येकीला तिची तिची," तो दुकानात म्हणाला. "ग्रेडीचं बरोबर होतं." दोस्तांनी कप खाली ठेवले. एकजण म्हणाला, "आता फक्त नदी उलटी वाहायची राहिलीय." सगळे हसले. ग्रेडी मात्र हसला नाही. सव्वीस वर्षं जो वाद तो हरत आला तो अचानक जिंकला होता, आणि त्याला त्याचं काही सुख नव्हतं. त्याचं कारण नोव्हेंबरात घडलं होतं.

अकरा नोव्हेंबरला सासरा-जावई एल्कच्या, म्हणजे इकडच्या मोठ्या सांबराच्या, शिकारीला गेले. त्या दिवशी काचेची पाळी ग्रेडीची. पण निघताना ऑर्विल म्हणाला, "आज मला दे." ग्रेडीने दिली आणि आपल्या बंदुकीच्या नळीवरच्या नेमाच्या माशीवर भिस्त ठेवून निघाला. ऑर्विल ओढ्याच्या या उतारावर बसला, ग्रेडी त्या. मधे अ‍ॅस्पेनची झाडी. संध्याकाळी झाडीच्या कडेला ग्रेडीला एल्क दिसला, त्याने बार टाकला. लगेच समोरूनही एक बार झाला. एल्क पळाला. ग्रेडीने अंधार पडेपर्यंत रक्ताचा थेंब शोधला, मिळाला नाही. दोघे रिकाम्या हाताने घरी आले.

तीन दिवसांनी त्याच झाडीखालच्या घळीत डोलोरेस सापडली. डोलोरेस म्हणजे शेजारच्या व्हर्ना होकचं खेचर. बावीस वर्षांचं, शहाणं, नवरा गेल्यापासून व्हर्नाला तिचाच आधार. व्हर्ना डोंगरातून खाली येताना लगाम सोडून देई, डोलोरेस तिला बरोबर दारात आणी. कोल्ह्या-कावळ्यांनी तोवर तिचं काही ठेवलं नव्हतं. गोळी कुठून शिरली, कुठून निघाली, सांगायची सोय नव्हती. राहिला होता तो गळ्यातला नारिंगी पट्टा. शिकारीच्या दिवसांत आमच्याकडे गुराढोरांच्या गळ्यात तसा पट्टा बांधतात, चांगला वीतभर रुंद, भडक, आंधळ्यालाही दिसावा असा.

बार दोनच झाले होते. वनखात्याच्या माणसाने दोघांना विचारलं. ऑर्विल म्हणाला, "मी एल्कवर टाकली. वरून गेली." बस, एवढंच. पुढचं गणित खोऱ्याने स्वतः सोडवलं. एकाकडे ती काच, ज्यातून तीनशे पावलांवर कुंपणाच्या तारेचे काटे मोजता येतात. दुसऱ्याकडे नुसती माशी. चूक कुणाची, हे सांगायला पंडित लागत नव्हता. ग्रेडीलाही ते पटलं, हेच सगळ्यात वाईट. त्याचा परवाना दोन वर्षांसाठी गेला, ते त्याने मुकाट सोसलं. आपली लाडकी घोडी बिस्किट त्याने स्वतः दोरीने धरून व्हर्नाच्या अंगणात नेऊन बांधली. हिवाळाभर तिच्या गुरांना चारा टाकला. व्हर्ना त्याच्याशी एक शब्द बोलली नाही, घोडी मात्र ठेवून घेतली.

लोक म्हणत, चूक होते एखाद्याची. पण पट्टा? शंभर पावलांवर नारिंगी पट्टा दिसू नये? ग्रेडी स्वतःलाच हे विचारत असे. पावाला लोणी लावता लावता थांबे आणि म्हणे, "मार्लिस, मला शिंगं दिसली होती. शपथेवर सांगतो, शिंगं दिसली होती." मार्लिसने पहिले काही दिवस ऐकून घेतलं. मग एकदा तिचा तोल गेला. ती म्हणाली, "डॅडला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नीट दिसतं, आणि तुला एकावन्नाव्या वर्षी दिसत नाही?" त्यानंतर ग्रेडीने तो विषय काढला नाही. त्याने बंदुकीला हात लावला नाही. साधी शेतावरची दुर्बीणसुद्धा तो डोळ्याला लावेना. लांबचं काही बघायचं असलं तर तिला म्हणे, "तू बघून सांग."

या उन्हाळ्यात सोडतीत मार्लिसचा नंबर लागला. डोंगरी मेंढ्याचा परवाना. त्यासाठी ती चोवीस वर्षं अर्ज करत होती. आमच्याकडे लोक या परवान्याची वाट बघत म्हातारे होतात. मेंढा राखाडी खडकावर राखाडी होऊन बसतो, पहाटेच्या उजेडात त्याच्या शिंगाचं वळण नीट जोखता आलं पाहिजे, नाहीतर नको तो मेंढा मरतो. तेव्हा मार्लिसला हवी ती खरी काच, नव्यांपैकी नव्हे.

ऑर्विलचं घर तिच्या घरापासून तीस पावलांवर. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ती अंगण ओलांडून गेली आणि म्हणाली, "डॅड, मोज्यातली काच दे."

"नव्या सहा आहेत. हवी ती घे."

"मला जुनी पाहिजे."

"ती बिघडलीय."

"बिघडलीय? कधी? मग दुरुस्तीला का नाही पाठवलीस?"

"पाठवू की. घाई काय आहे."

"मेंढ्याला घाई आहे. दहा दिवसांवर आलंय सगळं."

"मार्लिस, नाही म्हटलं ना," ऑर्विल म्हणाला आणि टोपी घालून कॉफीला निघून गेला. पिकअप फाटकातून वळताना त्याने खांबाला जरासं घासलं. मार्लिसने ते पाहिलं आणि रागाच्या भरात सोडून दिलं.

बंदुकांच्या कपाटाची किल्ली कुठे असते ते तिला चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. ती दुपारपर्यंतही थांबली नाही. बापाची पिकअप रस्त्याच्या वळणाआड गेली आणि तिने कपाट उघडलं. मोजा तिथेच होता. आईच्या लोकरीचा वास अजून येत होता. तिने गुंडाळी उलगडली. शेवटची ओळ बापाच्या अक्षरात होती. नोव्हेंबर ११, माझी, वर नऊ, ऑ. त्यानंतर काच कुणीच नेली नव्हती.

मागच्या पायऱ्यांवर बसून तिने ती डोळ्याला लावली. सगळा धूर. फुलीच्या रेघा म्हणजे ओल्या कागदावर पसरलेली शाई. खरंच बिघडली की काय, असं म्हणून तिने उलटसुलट पाहिलं आणि मग तिचं लक्ष कडीकडे गेलं. कडी कुठल्याच ठिपक्यावर नव्हती. ती पार बाहेर, शेवटच्या आट्यापर्यंत फिरवलेली होती, आणखी फिरवली असती तर हातात आली असती. लाल ठिपक्यापासून पुरते दोन फेरे लांब. तिने कडी उलटी फिरवत निळ्या ठिपक्यावर आणली आणि पुन्हा डोळा लावला. व्हर्नाच्या कुंपणाच्या तारेचे काटे दिसले. एकाला शेळीचे केस अडकले होते, तेही दिसले.

काच ठणठणीत होती.

मार्लिस जराशी हसली. म्हातारा खोटं बोलला, इतकंच तिला वाटलं. उगाच मोह म्हणून तिने आत जाऊन नव्यांपैकी एक पाहिली. तिचीही कडी शेवटच्या आट्यावर. तिने दुसरी पाहिली. तीही. तिसरी. चौथीची कडी तर इतकी जोराने ताणली होती की अडकून बसली होती. सहाच्या सहा. मार्लिस कपाटासमोर उभी होती. सहा नव्या दुर्बिणी, सहाही चांगल्या, आणि कुणीतरी प्रत्येकीची कडी टोकापर्यंत पिळून, पिळून, आत काहीतरी स्वच्छ दिसतंय का ते शोधलं होतं. कडी माणसाच्या डोळ्यासाठी फिरवतात. काचेसाठी नव्हे.

मग तिला ती शेवटची ओळ आठवली. नोव्हेंबर ११, माझी. त्यानंतर कुणी हात लावला नाही. म्हणजे कडी त्या संध्याकाळीच टोकाला होती.

ती बूट काढायच्या बाकावर बसली. बावीस वर्षांचं खेचर, वीतभर नारिंगी पट्टा, आणि तो पट्टा ज्याला दिसला नाही तो माणूस. दहा महिने ती ग्रेडीला तोच माणूस समजून त्याच्या शेजारी झोपत होती, आणि तो माणूस ग्रेडी नव्हताच. "डॅडला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नीट दिसतं." आपलाच आवाज तिला इतका स्पष्ट ऐकू आला की तिने तोंडावर हात ठेवला.

ऑर्विल अकराच्या सुमाराला परतला. स्वयंपाकघराच्या टेबलावर सहा बंदुका ओळीने मांडलेल्या आणि मधे मोजा. तो दारातच थांबला. चोराला जसं कळतं तसं त्याला कळलं. तरी म्हणाला, "हे काय प्रदर्शन मांडलंयस?"

"डावा डोळा झाक, डॅड."

"काहीतरी बडबडू नकोस."

"झाक म्हणते ना. आणि खिडकीकडे बघ. चौकटीचा मधला गज कसा दिसतो?"

म्हाताऱ्याने टोपी काढली. कितीतरी वेळ तो टोपीच्या कडा दाबत राहिला. मग शाळेतल्या पोराने झाकावा तसा त्याने हाताने डावा डोळा झाकला.

"वाकडा दिसतो," तो म्हणाला. "मधे पोटात गेल्यासारखा."

"आणि मी?"

"तू कुठे आहेस ते कळतं. खांदे दिसतात. चेहरा नाही दिसत, मार्लिस. जिथे बघावं तिथेच डाग आहे. भोवतालचं दिसतं, बघतो तेवढंच नाही दिसत."

तिच्या बापाला त्या डोळ्याने तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि तो दर रविवारी पिकअप चालवत तिला चर्चला नेत होता.

"डाव्या डोळ्याने भागतं," ऑर्विल म्हणाला, जणू तिने विचारलंच होतं. "बंदूक तेवढी उजव्याशिवाय जमत नाही."

"अकरा नोव्हेंबरला काय दिसलं?"

"फुलीची रेघ वाकडी दिसली. मला वाटलं काच गेली. कडी फिरवली, फिरवली, काही होईना. इतक्यात ग्रेडीचा बार झाला आणि झाडीत काहीतरी हललं. तपकिरी. मोठं." त्याने खुर्ची ओढली पण बसला नाही. "मी टाकली. ते पडलं."

"पडलं? तू तर म्हणालास, वरून गेली."

"खाली उतरून गेलो बघायला. जवळ गेलो तर पट्टा दिसला."

मार्लिस इतका वेळ धरून चालली होती की म्हाताऱ्याला शंका असेल, भीती असेल. हे तिच्या कल्पनेत नव्हतं. त्याला त्याच संध्याकाळी माहीत होतं. तो खेचरापाशी उभा राहिला होता. मग वर चढून आला, जावयाबरोबर घरी आला, तिने वाढलेला मांसाचा रस्सा जेवला, दुसऱ्यांदा मागून घेतला. व्हर्ना तीन दिवस डोलोरेसला हाका मारत उतारावर फिरत होती आणि याला माहीत होतं.

"तीन दिवस," ती म्हणाली. "आणि मग दहा महिने. त्याने घोडी दिली, डॅड. तुझ्यासमोर बिस्किटला दोरी लावली त्याने. तू फाटक उघडून दिलंस."

"मी म्हटलं, काचेचा दोष निघू दे. निघाला की सांगेन. काच बिघडली होती, माझा इलाज नव्हता, असं सांगेन." त्याने टेबलावरच्या बंदुकांवरून हात फिरवला. "म्हणून नवी मागवली. तीतही रेघ वाकडी. म्हटलं, हीही खराब आली असेल. दुसरी मागवली. तिसरीच्या वेळेला मला कळलं होतं. तरी तीन मागवल्या."

"आणि ग्रेडी?"

"तो स्वतःच हो म्हणाला ना. मी त्याचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही."

हे मात्र खरं होतं. ऑर्विलने कुणाचंही नाव घेतलं नव्हतं. आमच्या खोऱ्यात गप्प बसण्याला सभ्यता म्हणतात, आणि त्या सभ्यतेखाली काय काय पुरलेलं असतं ते घळीतल्या कावळ्यांनाच ठाऊक. मार्लिसने आयुष्यात बापाला कधी चढ्या सुरात झापलं नव्हतं. आताही झापलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तो बाराला इथेच जेवायला येईल. तू सांगणार आहेस. मी नाही."

"तू सांग. मला नाही जमणार."

"तुला गप्प बसायला जमलं. ते जास्त अवघड होतं."

बारा वाजता ग्रेडी आला. पायरीवर बूट आपटून त्याने माती झाडली, आत आला आणि टेबलावरच्या बंदुका बघून दोन पावलं मागे सरला. दहा महिने तो असाच सरत आला होता, तापल्या तव्यापासून सरावं तसा. त्याने आधी सासऱ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे. "कोण गेलं?" त्याने विचारलं. दोघांचे चेहरेच तसे होते.

"बस, ग्रेडी," ऑर्विल म्हणाला.

"उभा बरा आहे मी."

"डोलोरेसला मी मारलं."

शेगडीवर घेवड्याची आटत आलेली भाजी खदखदत होती, ती बंद करायचं मार्लिसला सुचलं नाही. ग्रेडीचा चेहरा बदलला नाही. त्याला ऐकू आलं होतं, पण अजून आत पोचलं नव्हतं. ऑर्विलने मग उरलेलं सांगितलं. डोळा, कडी, तपकिरी आकार, पडलेलं खेचर. काही वगळलं नाही, हे मार्लिसने लक्ष ठेवून ऐकलं. सांगून झाल्यावर म्हातारा हात खाली सोडून उभा राहिला. आता जावई मारेल, असंच त्याला वाटलं असावं, आणि मारावं असंही.

ग्रेडीने एकच गोष्ट विचारली. "पट्टा होता का गळ्यात? तेव्हा? तुम्ही खाली गेलात तेव्हा?"

"होता."

"सुटलेला नव्हता? चिखलाने भरलेला, किंवा पानांखाली?"

"नाही. चांगला दिसत होता. दहा पावलांवरून मलाही दिसला."

ग्रेडी खुर्चीवर बसला. त्याने दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिला.

"म्हणजे मला दिसला असता," तो म्हणाला.

मार्लिसला रडू फुटलं ते इथे. तो रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं. त्याला राग नव्हता, अजून तरी नव्हता. दहा महिने त्या माणसाने आपल्याच डोळ्यांवरचा, हातांवरचा, डोक्यावरचा विश्वास काढून घेतला होता, आणि आता तो एकेक वस्तू परत उचलून बघत होता. तिने त्याच्यापाशी जाऊन त्याच्या हातावर हात ठेवला. "मी काय बोलले होते तुला," ती म्हणाली, "ग्रेडी, मी काय बोलले होते." त्याने तिचा हात हातात घेतला नाही आणि झटकलाही नाही.

"शिंगं होती," तो म्हणाला. "मी सांगत होतो, शिंगं होती."

ऑर्विलने टोपी डोक्यावर घातली आणि पिकअपच्या किल्ल्या टेबलावर, मोज्याशेजारी ठेवल्या. "व्हर्नाकडे जातो," तो म्हणाला. "मग वनखात्याच्या माणसाला फोन करतो. मार्लिस, तू सोडतेस का मला?"

मार्लिस उठणार तोच ग्रेडी म्हणाला, "चालत जाऊ दे त्यांना." आवाज चढलेला नव्हता. "अर्ध्या मैलाचा तर रस्ता आहे. मी घोडी चालतच नेली होती."

म्हाताऱ्याने मान हलवली. तो मागच्या पायऱ्या कठडा धरून उतरला आणि कापलेल्या गवताच्या शेतातून, कुंपणाच्या कडेकडेने, व्हर्नाच्या घराकडे निघाला. डोकं थोडं उजवीकडे वळवून चालत होता, डाव्या डोळ्याला रस्ता मिळावा म्हणून. तो कितीतरी दिवस तसाच चालत असणार. मार्लिसच्या ते आज लक्षात आलं.

म्हातारा व्हर्नाच्या घराजवळ पोचत आला तेव्हा ग्रेडी पायरीवर येऊन उभा राहिला. त्याच्या हातात जुनी काच होती. ती त्याने टेबलावरून कधी उचलली ते तिला कळलं नाही. त्याने अंगठ्याने कडी फिरवली, निळ्या ठिपक्यावरून हिरव्यावर आणली, आणि डोळ्याला लावली.

"काय दिसतंय?" मार्लिसने विचारलं.

"बिस्किट," तो म्हणाला. "कुंपणाशी उभी आहे. लठ्ठ केलीय तिने हिला. गळ्यात पट्टा आहे. व्हर्नाने यंदा आत्तापासूनच बांधलाय."

"आणि डॅड?"

"पोचले. दार वाजवलं. टोपी काढली." ग्रेडीने कोपर कठड्यावर टेकवलं. "तिने दार उघडलं. ते बोलताहेत. ती नुसती उभी आहे. हात पुसतेय. अजून बोलताहेत ते."

मार्लिस वाट बघत राहिली. आत भाजी लागल्याचा वास येऊ लागला होता. शेतापलीकडे दोन माणसं उभी होती, तिच्या नुसत्या डोळ्यांना दोन काड्यांएवढी.

"आता काय करतेय ती, ग्रेडी?"

त्याने काच खाली घेतली, बाहीने डोळे पुसले, पुन्हा लावली.

"इकडे बघतेय," तो म्हणाला. "तिने आत्ता मला हात केला."